बडोद्यात ३२ पानी मराठी कॉमिक छापून विकायचं आहे. वितरक शोधावा की स्वतःच विकावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिघांनी मिळून काळं-पांढरं ३२ पानी कॉमिक काढलंय, ३०० प्रती छापायच्या आहेत, आणि अमेरिकेतल्या डायमंड कंपनीच्या दिवाळखोरीची बातमी वाचून वितरकाची धास्ती बसली आहे.

धास्ती रास्त आहे, पण नेमकी कशाची बाळगायची ते बघा. डायमंडने १४ जानेवारी २०२५ला मेरीलँडमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथल्या कॉमिक्सच्या दुकानांना माल पुरवण्यात वर्षानुवर्षं तिची जवळजवळ मक्तेदारी होती. २०२०त डीसी, २०२१त मार्व्हल आणि २०२३त इमेज हे मोठे आधीच बाहेर पडले; अडकले ते बारके प्रकाशक. बिलं थकली हे झालंच, पण खरा तिढा गोदामातल्या पुस्तकांचा झाला. 'विकलं की पैसे' या बोलीवर ठेवलेला माल प्रकाशक आपलाच समजत होते. तिथल्या कायद्यात तशी नोंद आधी करून ठेवलेली नसेल, तर कर्ज देणारी बँक त्या मालावर हात ठेवू शकते. कंपनीने तो माल विकायची परवानगी कोर्टाकडे मागितली आणि प्रकाशकांना स्वतःच्याच पुस्तकांसाठी वकील उभे करावे लागले.

तुम्हाला वितरक लागतच नाही. ३०० प्रती तिघांच्या घरात मावतात आणि हातानेच खपतात. वितरकाची गरज पडते ती हजार छापल्या की, आणि हजाराचा मोह प्रेसमध्येच होतो. ऑफसेटवाले (प्लेट बनवून छापणारे) छपाई हजाराच्या हिशेबाने लावतात, त्यामुळे ३०० घ्या नाहीतर १०००, प्लेट आणि छपाईचे पैसे जवळपास तेच. फरक कागद आणि बाइंडिंगचा. 'एवढ्यात हजार होतात' हे वाक्य कानावर येणारच. येऊ द्या.

आकार डेमी ठेवा, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. २३ × ३६ इंची एका कागदातून या आकाराचे १६ तुकडे निघतात, दोन्ही बाजू धरून बरोबर ३२ पृष्ठं. म्हणजे एका प्रतीला एक कागद. ५०० कागदांच्या एका रिमात ३०० प्रती, नासाडी धरूनही, सहज बसतात. कागद मॅपलिथो (पुस्तकांचा साधा, बिनचकाकीचा), १०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम. कागदवाला भाव किलोवर सांगेल. या रिमाचं वजन साधारण पावणेसत्तावीस किलो भरतं, तेवढं नसेल तर जीएसएम कमी आहे असं समजा. ७० जीएसएमवर काळे भाग मागून दिसतात आणि रात्रीचा प्रसंग पुढच्या पानावरच्या चेहऱ्यात उतरतो. १८ × २३च्या मशीनवर एका बाजूला ८ पानं बसतात, म्हणजे आतल्या भागाला चार प्लेटा. डिजिटलचा (बिनप्लेटच्या छपाईचा) भावही घ्या: १२ × १८च्या चार शीटमध्ये आतली ३२ पृष्ठं होतात, अर्ध्या शीटमध्ये कव्हर. २००च्या आत डिजिटल बहुधा स्वस्त पडतं, ३००ला दोन्ही भाव समोर ठेवूनच ठरवा. डिजिटलमध्ये कव्हर घडी घालण्याआधी क्रीझ (घडीच्या जागी दाबून खोबण) मारून घ्या, नाहीतर पाठीवरचा काळा टोनर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते.

बहुतेक कामं फाइलमध्ये बिघडतात. रेषाचित्र ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपक्यांच्या) खाली नको. अक्षरं फक्त काळ्या शाईत, फाइलच्या भाषेत के १००. आरजीबीतला (स्क्रीनच्या रंगपद्धतीतला) काळा रंगीत कव्हरवर चार शाईंत फुटतो, प्लेट केसभर सरकली की शिरोरेखेला निळी-तांबडी सावली येते. आणि मराठीचं खास दुखणं: इथल्या प्रेसमध्ये फाँट गुजराती-हिंदीचे असतात. तुमची कोरलड्रॉची फाइल तिथे उघडली की 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं, मराठी वळणाचे ल आणि श हिंदी होतात, आणि ऑपरेटरच्या ते लक्षातही येत नाही. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफच द्या. संवादाच्या फुग्यात ओळींमध्ये जागा सोडा. वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडले की वाचणारा अडखळतो.

पानं एकेक करून क्रमाने द्या, जुळवणी प्रेसला करू द्या. पण आठ कोरे कागद घडी घालून, एकात एक बसवून, आकडे टाकून डमी स्वतः बनवा. तेव्हाच कळेल की दोन पानांवर पसरलेलं चित्र अखंड छापलं जातं ते फक्त १६-१७वर, कारण बाकी जोड्या वेगवेगळ्या कागदांवर येतात आणि मधल्या सांध्यात चेहरा असेल तर नाक सरकतं. मधली पानं घडीमुळे मिलीमीटरभर बाहेर येतात आणि तेवढी कापली जातात. म्हणून ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जाणारं चित्र) ३ मिमी सोडा, आणि फुगे व पानांचे आकडे कडेपासून किमान ५ मिमी आत ठेवा.

विक्री. २२० जीएसएमच्या कव्हरसकट एक प्रत ६२ ग्रॅमच्या आसपास. १ सप्टेंबर २०२५पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे आणि तिथे ५१ ते २५० ग्रॅमचा एकच टप्पा आहे. हलकं पाकीट घेतलंत तर तीन प्रती एका प्रतीच्याच टपालखर्चात जातात. तीनचा संच विका. बडोद्यात फाइन आर्ट्सची मुलं आणि दांडिया बाजारातली मराठी घरं हे दोन वेगळे गिऱ्हाईक आहेत, पहिला चित्र बघून घेतो, दुसरा दोन पानं उभ्या उभ्या वाचून. आयएसबीएन राजा राममोहन राय संस्थेकडून फुकट मिळतो. हातविक्रीला लागत नाही, ग्रंथालयं आणि ऑनलाइन दुकानांसाठी घ्या.

दुकानात ठेवायच्याच असतील तर एका वेळी दहा. दुकानदार साधारण ३० ते ४० टक्के मागतो. चलनावर (माल दिल्याच्या कागदावर) प्रतींची संख्या, किंमत, टक्का, हिशेबाची तारीख आणि 'माल विकला जाईपर्यंत प्रकाशकाचा' हे लिहून सही-शिक्का घ्या. पहिल्या दहाचे पैसे आल्याशिवाय अकरावी प्रत देऊ नका.