ठिपका कोणाबरोबर चालला आहे?

प्रश्न : माझी मुलगी खारघरला जीवतंत्रज्ञान शिकते. जिवंत पेशीत चमकणारे नॅनोकण सोडून तिचे आतले व्यवहार पाहतात, असे ती सांगते. इतका बारीक कण सूक्ष्मदर्शकातून दिसतो कसा? आणि चमकणारे साधे रंग असताना हा खटाटोप कशासाठी? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : कण दिसत नाही, त्याचा उजेड दिसतो. रात्री वाशीच्या खाडीपुलावरून पाहिले तर होडी दिसत नाही, पण तिच्यावरचा दिवा दिसतो. साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत, त्यामुळे पाच-सहा नॅनोमीटरच्या कणाचा आकार त्यात उमटणे शक्यच नसते. मात्र कण एकटा असेल, तर उजेडाच्या ठिपक्याचा मध्य काढून त्याची जागा बरीच अचूक सांगता येते. कण एकटाच आहे हे ओळखण्याची खूण मजेशीर आहे : एकटा क्वांटम डॉट (या कामातला चमकणारा अतिसूक्ष्म स्फटिक) मधूनच विझतो आणि पुन्हा पेटतो. माग काढणाऱ्याला हा लपंडाव त्रासाचा वाटतो, पण साक्षही तोच देतो.

फ्लुरेसीनसारखा रंग तीव्र प्रकाशाखाली लवकरच फिका पडतो. क्वांटम डॉट त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ तग धरतात. कॅडमियम सेलेनाइडचा दोन-अडीच नॅनोमीटरचा स्फटिक हिरवट-निळा, तर सहाच्या आसपासचा तांबडा उजळतो, आणि दोन्ही एकाच निळ्या-जांभळ्या प्रकाशाने पेटवता येतात. पेशींवर ते वापरून दाखवणारे दोन शोधनिबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. क्वांटम डॉटच्या मूळ शोधाला रसायनशास्त्राचे नोबेल मिळायला २०२३ उजाडले.

खरी अडचण चमकण्याची नाही, पोहोचण्याची आहे. कण नुसते पेशींच्या बशीत सोडले, तर पेशी त्यांना पटलाच्या पिशवीत गुंडाळून आत घेते, आणि काही तासांनी केंद्रकाभोवती तेजस्वी ठिपक्यांचा घोळका दिसतो. चित्र देखणे येते, पण पाहायचे होते ते प्रथिन पिशवीबाहेरच्या पेशीद्रवात राहते आणि कण पिशवीत अडकून पडतात. म्हणून काही जण बारीक सुईने कण थेट पेशीद्रवात टोचतात. काही जण पेशीच्या बाह्य पटलावरच्या प्रथिनांपुरतेच काम मर्यादित ठेवतात, आणि ते मला अधिक प्रामाणिक वाटते. कॅडमियम विषारी असल्याने कणावर झिंक सल्फाइडचे कवच आणि वर पाण्यात मिसळणारा लेप चढवतात. कवच झिजले तर पेशीला धोका असतोच.

मुलीने पुढच्या वेळी सरकणारा ठिपका दाखवला, की तिला एवढेच विचारा : हा प्रथिनाला चिकटून चालला आहे, की पिशवीत बसून?