मुलींना सॉफ्टबॉलमध्ये बॅटचा स्विंग कसा शिकवावा? मुलांपेक्षा वेगळा शिकवावा लागतो का?

सर, तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की शाळेत मुलींचा १४ वर्षांखालचा संघ पहिल्यांदाच उभा करताय, मुली चपळ आहेत, झेल घेतात, पण "बॅटिंगला अंगात जोरच नसतो, नुसते हात हलतात". ते वाचलं आणि कुकर बंद करून लिहायला बसले. हेच वाक्य मी १९९६ साली ऐकलंय, माझ्याबद्दल, माझ्यासमोर.

मुलींसाठी वेगळा स्विंग नसतो. फरक पडतो तो शिकवणाऱ्याच्या वागण्यात. का म्हणते ते सांगते.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा संघ होता. आमचे सर माणूस म्हणून चांगले. ग्लव्हज फाटले की स्वतः दाभण घेऊन शिवायचे, स्पर्धेला निघताना पदरचे पैसे घालून केळी घ्यायचे. एकाच मैदानावर एका बाजूला मुलं, एका बाजूला आम्ही. मुलांना शिकवताना सर अगदी रंगात यायचे. पोराच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून गर्रकन वळवायचे, "कंबर घाल रे, कंबर! हात मागून येतील!" मग आमच्याकडे यायचे, दहा फुटांवर उभे राहायचे, नजर बॅटच्या टोकावर, आणि म्हणायचे, "हात जोरात फिरवा."

चार वर्षांत आम्हा मुलींसमोर त्यांनी 'कंबर' हा शब्द उच्चारला नाही. उच्चारता आलाच नसता. तालुक्याच्या गावात पुरुष शिक्षकानं पंधरा वर्षांच्या मुलींना "कंबर वळवा" म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणाचा तरी काका शाळेत आला असता आणि संघच बंद झाला असता. त्यांनी संकोच पाळला यात माझी तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. स्विंगचा अर्धा भाग आम्हाला शिकवलाच नाही, आणि वर अनुमान काढलं की मुलींच्या अंगात जोर नसतो. "तुम्ही आपला बंट करायचा आणि पळायचं." बंट म्हणजे बॅट न फिरवता चेंडू नुसता पुढ्यात हळूच ढकलायचा. नऊच्या नऊ जणींना हेच!

मला कंबर शिकवली माझ्या आत्यानं. दिवाळीआधी गोधड्या दोरीवर टाकून काठीनं झोडपायचं काम माझ्याकडे होतं. दोन गोधड्यांत माझे खांदे भरून आले. आत्या म्हणाली, "हातानं काय मारतेस गं? पायातून मार." तिनं काठी घेतली, मागची टाच उचलली, खुबा पुढे आला, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी काठी. धुळीचा असा लोट उठला की शेजारच्या काकू ओरडल्या. आत्याचं वजन तेव्हा जेमतेम पंचेचाळीस किलो असेल. मी त्या दिवशी सगळ्या गल्लीच्या गोधड्या झोडपल्या.

सुट्टी संपल्यावर सरावात पहिल्यांदा चेंडू शाळेच्या कंपाउंडावरून कापसाच्या जिनिंगच्या आवारात गेला. सर म्हणाले, "लागला नशिबानं." दुसरा गेला. म्हणाले, "पिचर हळू टाकतेय." पिचर म्हणजे चेंडू टाकणारी.

मग तो सामना. जिल्ह्याबाहेरची स्पर्धा, सातवी म्हणजे शेवटची इनिंग, आम्ही एका रनानं मागे, दुसऱ्या बेसवर आमची मुलगी, एकही आउट नाही. मी बॅटिंगला. सरांनी बंटची खूण केली. मी पाहिली. पाहिली नाही असं नंतर सांगितलं, पण पाहिली होती. पिच कमरेच्या उंचीवर, आतल्या बाजूला आली आणि मी पूर्ण फिरवली. चेंडू इतका कडक निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या शॉर्टस्टॉपला हात हलवायलाही वेळ मिळाला नाही. तिनं छातीशी धरलेल्या ग्लव्हजमध्ये तो आपण होऊन शिरला. आमची मुलगी तोवर तिसऱ्या बेसच्या वाटेला लागली होती. मी झेलबाद, आणि ती परतायच्या आत चेंडू दुसऱ्या बेसवर, दोघी आउट. पुढची स्ट्राईकआउट, म्हणजे चेंडू न लागताच बाद. संपलं.

सर बसमध्ये काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी संघात माझं नाव नव्हतं.

गंमत अशी की त्याच १९९६ साली अटलांटाला सॉफ्टबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला, आणि तोही फक्त महिलांचा. अंतिम सामन्यात अमेरिकेच्या डॉट रिचर्डसननं चीनविरुद्ध दोन रनांचा होमरन मारला आणि अमेरिका ३–१ नं जिंकली. ही बाई हाडांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घेणारी डॉक्टर, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा आमच्या गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पेपरात टेनिसचं पदक जिंकलेला लिअँडर पेस होता.

आता तुमच्या कामाचं. मुलींच्या हातात, खांद्यात जोर मुलांपेक्षा सरासरीनं कमी असतो, हे खरंच आहे. पण मग तर हातांच्या भरवशावर राहायचंच नाही ना! ज्याच्या हातात दम आहे तो वाईट स्विंगनंही चेंडू लांब टाकून देतो, त्याची चूक झाकली जाते. मुलीची झाकली जात नाही, इतकंच. तिला स्विंग आणखी नीट शिकवायला हवा. 'मुलींसाठी सोपा' करून उपयोग नाही.

आणि वेळेचा हिशोब बघा. महिलांच्या सामन्यात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३ मीटरच्या जरासं वर. क्रिकेटच्या २२ यार्डांशी तुलना करा. त्यात पिचर पाऊल पुढे टाकूनच चेंडू सोडते. ताशी ९० किलोमीटरनं आला तरी अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. बॅट मागून मोठा वळसा घालून आणायला वेळच नसतो. म्हणून कोपर अंगाजवळून, बॅटची मूठ आधी चेंडूकडे आणि मग टोक. माझ्या संघातल्या मुलींना मी सांगते, बोळातून चाललाय, दोन्हीकडे भिंती आहेत, हात पसरले तर घासतील.

पाय: पुढचं पाऊल छोटं, वीतभर पुरे. ते मातीत घट्ट रुतलं की मग मागचा गुडघा आणि खुबा वळतो. मागच्या बुटाच्या नाड्या शेवटी पिचरला दिसल्या पाहिजेत. जुने कोच "मागच्या पायानं किडा चिरड" असं सांगायचे, मीही सांगत होते. त्यानं मुली वजन मागेच ठेवतात आणि जागच्या जागी भिंगरीसारख्या फिरतात. वजन पुढच्या पायावर जाऊन तिथे अडलं पाहिजे. चालत्या बैलगाडीचं चाक दगडाला अडलं की वरची पोती पुढे उडतात, तसं.

'कंबर' हा शब्द तुम्हाला आजही जड जाईल, मला माहीत आहे. हात लावायचा नाहीच, तो काळ गेला आणि बरं झालं. त्याची गरजही नाही. एक काठी कमरेमागे आडवी घ्या, दोन्ही कोपरांच्या बेचक्यात अडकवा आणि आधी तुम्ही स्वतः वळून दाखवा. काठीचं मागचं टोक पिचरकडे आलं पाहिजे. मग मुलींना करू द्या. हसतील दोन दिवस. एखादी मोठी मुलगी किंवा शाळेतल्या बाई सोबत असतील तर उत्तम. पालकांना एकदा मैदानावर बोलावून हेच करून दाखवा, म्हणजे काका लोक येणार नाहीत.

टी, म्हणजे चेंडू वर ठेवून मारायचा उभा दांडा, वापरत असाल तर एक चूक सगळ्या शाळांत दिसते. टी होमप्लेटच्या, म्हणजे बॅटिंगच्या जागेवरच्या पाटीच्या, मधोमध ठेवतात आणि मुलगी तिच्या बरोबर बाजूला उभी. मग चेंडू पोटासमोर लागतो, तिथे बॅटला वेगच आलेला नसतो. टी पुढच्या पायाच्या रेषेत आणा. आतला चेंडू त्याच्याही पुढे, बाहेरचा थोडा मागे. विकतची टी नसेल तर पीव्हीसी पाईप आणि त्यावर रबरी नळीचा तुकडा, झालं काम. रोज शंभर चेंडू मारायला चेंडू कुठून आणायचे? बॅडमिंटनची टाकून दिलेली प्लॅस्टिकची शटलं गोळा करा. बाजूनं, खालून उडवा. चिमुकलं शटल मारायची सवय झाली की १२ इंच घेराचा चेंडू कलिंगडाएवढा दिसतो.

बॅट. शाळेला किट मिळतं त्यात बहुतेक ३४ इंची बॅटा असतात, नियमात बसणारी सगळ्यात लांब. चार फूट आठ इंचाच्या मुलीच्या हातात ती म्हणजे मुसळच. २८ ते ३० इंचाची शोधा. मुठीवर खाली असतो त्या एकाच हातानं बॅट समोर सरळ धरायला लावा, वीस आकडे मोजेपर्यंत हात थरथरला तर ती तिच्यासाठी जड आहे. लहान बॅट मिळत नसेल तर मूठ दोन इंच वर धरू द्या, त्यात कमीपणा नाही.

स्विंग खालून वर की वरून खाली, यावर भांडणारे खूप भेटतील. "वरून खाली तोड" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. चेंडू ज्या रेषेत येतो त्या रेषेत बॅट जितका वेळ राहील तितकं बरं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मांडीजवळून सुटतो, त्यामुळे बेसबॉलपेक्षा सपाट येतो. म्हणून बॅटही जवळजवळ सपाट, अगदी किंचित वर जाणारी.

मुली क्रिकेट खेळत नाहीत हा पूर्वी आम्हाला फायदाच होता, विसरायला काही नसायचं. २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकल्यापासून माझ्याकडे येणारी दर दुसरी मुलगी पुढचं कोपर वर करून सरळ बॅटनं ड्राइव्ह मारते. आनंद आहे, पण ते मोडायला महिना जातो.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पुढचा पाय अडवताना गुडघा आत वळत असेल तर लगेच थांबवा, या वयात गुडघ्याची दुखापत पोरीला कायमची बसवू शकते. गुडघा बोटांच्या रेषेतच हवा. वळण्याआधी बसायला-उठायला, एका पायावर उतरायला शिकवा. आणि मी जे सांगितलं ते पाच-सहा महिन्यांचं काम आहे. तुमची तालुका स्पर्धा पुढच्या महिन्यात असेल तर काठी, टी आणि छोटी बॅट एवढंच करा, बाकी राहू द्या.

राहिला बंट. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात सर भेटले, आता काठी घेऊन चालतात. पंगतीत शेजारीच बसले. मठ्ठा वाढेपर्यंत इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणालेच, "त्या दिवशी बंट केला असतास तर ती तिसऱ्यावर गेली असती." खरं आहे ते. नो आउट, दुसऱ्या बेसवर धावणारी, एक रन हवा, सात इनिंगच्या खेळात बंटच करायचा असतो. आज माझ्या संघात कुणी ती खूण मोडली तर मीही तिला बसवीन. हे मी त्यांना पंगतीत सांगितलं नाही, इथे सांगते. पण त्यांनी ती खूण डाव बघून केली नव्हती. पहिल्या इनिंगलाही तीच होती, तिसरीलाही तीच. मुलांच्या संघाला चार वर्षांत एकदाही नव्हती.

तेव्हा बंट शिकवाच, पण मुलींना पूर्ण स्विंग बसल्यावर. आणि त्याच दिवशी मुलांनाही शिकवा.