थेंबभर रक्तातले एटीपी

प्रश्न : बोटाला सुई टोचून घेतलेल्या दोन-तीन थेंब रक्तावरून 'पेशींमधील ऊर्जा' मोजून मिळेल, अशी जाहिरात पाहिली. नमुना घरी घेऊन कुरियरने पाठवायचा आहे. आईला काही महिन्यांपासून सतत थकवा जाणवतो. एवढ्याशा रक्तात अशी मोजणी होते का, आणि तिच्यासाठी ही तपासणी करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोजणी होते, आणि तिला थेंबसुद्धा जास्तच ठरतो. पेशींची बहुतेक कामे ज्या रेणूच्या बळावर चालतात, तो एटीपी १९२९ साली जर्मनीत कार्ल लोमान यांनी शोधला. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून तिथे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हेही स्वतंत्रपणे त्याच्यापर्यंत पोहोचले होते. मोजण्याची रीत मात्र काजव्याकडून मिळाली. एटीपी नसेल तर काजव्याचा प्रकाश पडत नाही, हे विल्यम मॅकेल्रॉय यांनी १९४७ साली दाखवले. त्यामुळे काजव्यातील ल्युसिफेरिन हे प्रकाश देणारे द्रव्य आणि ल्युसिफेरेज हे एन्झाइम नमुन्यात मिसळले, की जितके एटीपी तितका प्रकाश पडतो. तांबड्या पेशींत दर लिटरमागे एक ते दोन मिलिमोल एटीपी असल्याने रक्त खूप पातळ करूनही ते मोजता येते. किंबहुना पातळ करावेच लागते, कारण हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषून घेते.

खरी अडचण वेळेची आहे. शरीराबाहेर आलेल्या पेशी काही काळ जिवंतच असतात आणि एटीपी तयार करणे व खर्च करणे चालूच ठेवतात. म्हणून प्रयोगशाळेत रक्त काढल्याबरोबर बर्फावर ठेवलेल्या परक्लोरिक आम्लात मिसळतात; त्यात प्रथिने साकळतात, एन्झाइमे निकामी होतात, आणि वरचे निवळ पाणी आम्लता घालवून तपासले जाते. नेहमीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतले ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायनसुद्धा इथे आड येते, कारण ल्युसिफेरेजला लागणारे मॅग्नेशियम ते बांधून ठेवते. रक्तद्रवातले एटीपी मोजायचे असेल, तर आणखी पंचाईत : ते पेशींतल्यापेक्षा हजारो पटींनी कमी असते, आणि थेंब यावा म्हणून बोट दाबताना मोजक्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. असा नमुना आम्लाशिवाय दोन दिवस कुरियरने फिरला, तर हाती येणाऱ्या आकड्यावर आम्ही तरी विश्वास ठेवणार नाही.

शिवाय रक्तातले बहुतेक एटीपी तांबड्या पेशींचे. या पेशींत मायटोकाँड्रिया, म्हणजे इतर पेशींत बहुतेक एटीपी तयार करणारे सूक्ष्म भाग, नसतात. त्या ग्लुकोजच्या एका रेणूपासून जेमतेम दोन एटीपी मिळवतात. त्यावरून स्नायूंची वा मेंदूची स्थिती कळत नाही. पायरुवेट कायनेज या एटीपी तयार करणाऱ्या एन्झाइमच्या आनुवंशिक कमतरतेचा अभ्यास करताना किंवा रक्तपेढीत साठवलेल्या रक्ताची प्रत पाहताना ही मोजणी उपयोगी पडते. आईंना रक्तक्षय असेल, तर पेशीच कमी असल्याने रक्तातले एकूण एटीपीही कमी दिसेल. पण ते साध्या हिमोग्लोबिनच्या तपासणीतून अधिक खात्रीने कळते. तेव्हा जाहिरातीतल्या तपासणीवर खर्च न करता त्यांना आधी डॉक्टरांना दाखवावे, आणि त्यांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर व बी-१२ तपासून घ्यावे.