महाबळेश्वर, पाचगणी की वाई? घर घेण्याआधी एक जुलै काढा

तुम्ही विचारलंय की निवृत्तीनंतर ठाण्याचा चिकचिकाट सोडून ‘चांगल्या हवेत’ राहायला जायचंय, डिसेंबरात महाबळेश्वरला चार दिवस राहून आलात आणि तिथला एक बंगला मनात भरलाय, तर घ्यावा का. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मीही महाबळेश्वरला घर पाहिलं ते एप्रिलात. मुंबईत अंगाची लाही होत होती आणि तिथे संध्याकाळी शाल लागत होती. व्यवहार तिथेच पक्का केला. जूनच्या मध्यावर धुकं उतरलं आणि समोरचं जांभळाचं झाड दोन-दोन दिवस दिसेनासं झालं. पावसाच्या आवाजाची सवय होते, अंधाराचीही होते. ओलीची होत नाही. काडेपेटी सादळलेली, मिठाला पाणी सुटलेलं, डब्यातले पापड फडक्यासारखे. चपलांवर चार दिवसांत हिरवट बुरा चढायचा. लोकरीचे कपडे ज्या कपाटात होते त्यात रात्रंदिवस एक पिवळा बल्ब पेटता ठेवावा लागे. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटली ती कायमचीच. कपडे वाळायचे नाहीत, नुसते थंड व्हायचे. गुडघ्यांबद्दल बोलतच नाही. असे चार पावसाळे काढले आणि वाईला उतरलो.

याचं गणित सोपं आहे, आणि डिसेंबरात ते दिसत नाही. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, थंड होतो आणि माथ्यावरच रिकामा होतो. पलीकडे उतरताना त्याच्यात फारसं काही उरत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,६०० मिमी पाऊस पडतो. तिथून वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. पसरणीचा घाट उतरून वाईत आलात की जेमतेम ७०० ते ८०० मिमी. आणखी पूर्वेला दहिवडीकडे गेलात तर ५०० च्या आसपास, तेही पडला तर. हे सगळं एकाच सातारा जिल्ह्यात.

स्थानिकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. महाबळेश्वरात मेअखेर घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधायची जुनी रीत आहे. आता पत्रा आणि प्लास्टिकही दिसतं. घराला रेनकोट घालायचा म्हणा ना. पूर्वेच्या कोरड्या फलटण आणि माण भागातले मेंढके दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परत फिरतात, कारण सततच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात. चरायला हिरवं पश्चिमेला असतं, पण पावसाळा काढायचा तो कोरड्या मुलखातच.

इंग्रजांनाही हे चटकन उमगलं. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला असे, पण पाऊस लागला की पुण्याला. गणेशखिंडीतला त्याचा बंगला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, हे त्याचं पावसाळी घर होतं. ज्या महाबळेश्वरच्या हवेची एवढी कीर्ती, तिथे ती कीर्ती पसरवणारेच चार महिने राहत नव्हते! (त्यांचं बिऱ्हाड सरकारी खर्चाने हलायचं, तुमचं-माझं तसं नाही.) बारमाही राहता येईल अशी थंड जागा हवी म्हणून १८६० च्या दशकात जॉन चेसनने पाचगणी वसवली. पुढे निवासी शाळा आणि क्षयरोग्यांचं आरोग्यधाम तिथे आलं, त्यामागेही हेच कारण.

आणि वाई त्याहून कितीतरी जुनी. घाट, देवळं, पेशवाईतल्या सरदार रास्त्यांचे वाडे, पाठशाळा हे सगळं पावसाच्या पायथ्याशी उभं राहिलं. पाऊस डोंगरावर पडतो आणि कृष्णेतून आयता दारात येतो. आता मध्ये धोमचं धरण आहे. म्हणजे वरच्या ज्या पावसाला मी शिव्या घालत होतो, तेच पाणी आज नळाला येतं.

वाईची जाहिरात करत नाहीये. एप्रिल-मेमध्ये दुपारी गच्चीवर पाय ठेवता येत नाही, ३८-३९ सहज होतं, पंख्याशिवाय झोप नाही. डास आहेत. पाचगणीतून खाली आलेल्या पाहुण्याला इथे भट्टीत आल्यासारखं वाटतं. पण हा त्रास दोन महिन्यांचा आहे आणि कोरडा आहे. पहाटे गार होतंच. माझ्या वयाला कोरडा त्रास परवडतो.

थंडीच हवी असेल तर पाचगणी बघा, पण शहराच्या पूर्वेकडची बाजू. भिलारच्या पुढे पश्चिमेला सरकाल तसा पाऊस वाढत जातो. जाहिरातीत मात्र सगळंच ‘पाचगणी’ असतं. घर कुठेही असो, नैऋत्येकडची भिंत बघा. पावसाचा मारा तिच्यावर असतो. तिथे नवा रंग दिलेला असेल तर आतून हात लावून बघा, आणि त्या भिंतीला लागून कपाट का नाही तेही विचारा. दुसरं म्हणजे उतार. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पाऊस झाला आणि आंबेनळी घाटाचा रस्ताच वाहून गेला. ‘व्हॅली व्ह्यू’साठी डोंगर कापून बांधलेलं घर मी फुकट दिलं तरी घेणार नाही. सौ. तर अजून त्या शब्दावर चिडते.

त्या बंगल्याचा बयाणा अजून दिला नसेल तर थांबा. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिथेच आसपास दहा दिवसांसाठी खोली घ्या, हॉटेलात नको, घरगुती. दोघांचे रोजचे कपडे रोज धुवा. एक काडेपेटी आणि दोन पापड टेबलावर उघडे ठेवा आणि दहाव्या दिवशी त्याच काडीने गॅस पेटवून पापड भाजता येतो का ते मला इथेच कळवा.