आधी ‘टॉकिंग टिंबक्टू’ ऐका, कॉर्डची वाट न बघता

तुमचे प्रश्न दोन: माली या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचे वादक आणि अमेरिकन ब्लूजवाले (ब्लूज म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) एकत्र वाजवतात त्यातलं आधी काय ऐकावं, आणि हे शेवटी फ्यूजनच ना?

सुरुवात मालीचा गिटारवादक-गायक अली फारका तुरे आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्या ‘टॉकिंग टिंबक्टू’ (1994) या अल्बमपासून करा. खरं सांगतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कंटाळलो होतो. कान ब्लूजला सरावलेले, त्यामुळे आता कॉर्ड (एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ) बदलेल, मग बदलेल, अशी वाट बघत बसलो. ती बदलतच नाही! अमेरिकन ब्लूजमध्ये साधारण बारा ‘बार’च्या (तालाच्या मोजलेल्या तुकड्यांच्या) फेऱ्यात तीन कॉर्ड फिरतात. अलीचा अंगठा मात्र खालच्या तारेवर एकच सूर धरून बसतो, तंबोऱ्यासारखा, आणि वर बोटानं छोट्या छोट्या जागा घेतल्या जातात. स्वर बऱ्याच ठिकाणी पाचच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी राग. हे लक्षात आलं आणि कंटाळा पळाला.

अली नायजर नदीकाठच्या निआफुंके गावचा, शेती करणारा. कुणी त्याला ब्लूजवाला म्हटलं की आमचं संगीत त्याहून जुनं आहे, असं ठणकावून सांगायचा. कूडर त्याच्यावर कॉर्ड लादत नाही, हीच या अल्बमची गंमत. शेवटचं ‘दियाराबी’ हेडफोन लावून ऐका. खाली हम्मा सांकारेचा कॅलाबाश, म्हणजे पालथा घालून हातांनी वाजवलेला अर्धा भोपळा. वर अलीचा आवाज, आणि कूडर फक्त दोन ओळींच्या मधल्या फटीत शिरतो. पाहुण्याला दुसऱ्याच्या घरात जसं वागता यायला हवं, तसं. नुसतं एकत्र मिसळणं म्हणजे फ्यूजन असेल, तर मी याला फ्यूजन म्हणणार नाही.

कूडरनं त्याआधीच पं. विश्वमोहन भट यांच्या मोहनवीणेसोबत (गिटारवरून घडवलेलं वाद्य) ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (1993) केला होता. दोन्हींना लागोपाठ ग्रॅमी मिळाली.

नंतर ‘कुलांजान’ (1999). ताज महाल (हे अमेरिकन ब्लूज गायकाचं नाव बरं का, आग्र्याचा नव्हे!) आणि 21 तारांचा कोरा हे वाद्य वाजवणारे मालीचे तुमानी जबाते. मला तो थोडा जास्त गुळगुळीत वाटतो, पण ‘क्वीन बी’मध्ये रमातू जाकितेचा आवाज आला की तक्रार संपते.

मग अमेरिकन ब्लूजवाल्या कॉरी हॅरिसचा ‘मिसिसिपी टू माली’ (2003). त्यातली काही गाणी त्यानं निआफुंकेला जाऊन अलीसोबत रेकॉर्ड केलीत. आवाज जरा खरखरीत आहे. मला तर तसाच आवडतो.