सहा-सात महिने अंगावरून पांढरं जातंय, गोळ्यांनी तेवढ्यापुरतं थांबतं. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि परत सुरू होतं. कधी खाज, कधी वास. सासूबाई म्हणतात हाडं झिजतायत. तपासायला जायची लाज वाटते, नवऱ्याला सांगावं की नाही तेही कळत नाही. मी सरकारी रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडीला स्टाफ नर्स आहे, ही तक्रार रोज ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हाडांचं. हाडं झिजून पांढरं जात नाही, आणि पांढरं गेल्याने अंगातली ताकदही जात नाही. थोडा स्राव प्रत्येक बाईला असतोच. दोन पाळ्यांच्या मध्ये तो पातळ आणि तार धरणारा होतो, पाळी जवळ आली की घट्ट होतो, गरोदरपणात वाढतो. खाज, आग, घाण वास काही नसेल आणि रंगही नेहमीचाच असेल तर त्याला औषध लागत नाही. कंबर दुखते, थकवा येतो, त्याचं कारण वेगळं शोधायचं. हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्या.

तुम्हाला मात्र खाज आणि वास दोन्ही आहे, त्यामुळे तपासणी हवीच. एकाच तक्रारीमागे निरनिराळे आजार असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. नासलेल्या दुधासारखं घट्ट जातं, खाज असह्य होते, वास फारसा नसतो, तेव्हा बहुतेक बुरशी असते. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर ती काहींना डोकं वर काढते. वर्षात तीन-चार वेळा झाली तर साखर तपासा. मधुमेह आहे हे काहींना असंच कळतं. पातळ, करडट स्राव आणि मासळीसारखा वास, तोही संबंधानंतर जास्त, हा प्रकार निराळा. तिथे चांगले जिवाणू कमी होऊन दुसरे वाढलेले असतात आणि बुरशीची गोळी काहीच करत नाही. हिरवट-पिवळं, फेसाळ जात असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या जंतूचा संशय येतो, आणि तो संबंधातून येतो. कधीकधी दोन आजार एकत्रही असतात. याशिवाय गर्भपिशवीच्या तोंडाला सूज असेल, तांबी बसवलेली असेल, पाळी गेल्यावर आतली त्वचा कोरडी पडली असेल, तरी स्राव बदलतो.

हे लक्षणं वाचून घरी ओळखता येईल असं मात्र समजू नका. आम्हालाही नुसतं ऐकून खात्रीने सांगता येत नाही.

तपासणीत काय होतं ते सांगते, म्हणजे धाकधूक कमी होईल. आधी लघवीला जाऊन यायचं. टेबलावर पाय दुमडून झोपायचं, अंगावर चादर असते. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं उपकरण आत सरकवून हळूच उघडतात आणि पिशवीचं तोंड बघतात. दाब जाणवतो. श्वास सोडत राहिलं की स्नायू सैल पडतात, आणि दुखलं तर "थांबा" म्हणायचा हक्क तुमचा आहे. कापसाच्या काडीने स्राव घेतात. एक थेंब पीएचच्या, म्हणजे आम्लता मोजायच्या, कागदावर लावतात. एरवी पीएच ४.५ च्या आत असतो, वर गेला तर बुरशीपेक्षा मासळीच्या वासाच्या आजाराचा किंवा ट्रायकोमोनासचा संशय वाढतो. एक थेंब काचेवर सलाईनमध्ये मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, कारण ट्रायकोमोनास हलताना दिसतो आणि उशीर झाला की त्याची हालचाल मंदावते. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आणि आदल्या दोन दिवसांत संबंध किंवा आत ठेवायची गोळी नको.

जिथे ही सोय नाही तिथे सरकारी दवाखान्यात लक्षणांवरून गोळ्यांचं हिरवं किट देतात, त्यात जिवाणू आणि ट्रायकोमोनासवरचं सेक्निडॅझोल आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल असतं. पहिल्यांदा ते ठीक आहे. पण पुन्हा पुन्हा होत असेल तर नमुना तपासायला सांगाच. मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे हे मोफत होतं. दिवस गेले असतील किंवा शंका असेल तर आधी सांगा, गोळ्या बदलाव्या लागतात.

नवऱ्याला सांगा. ट्रायकोमोनास निघाला तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचं आणि ते संपून आठवडा होईपर्यंत संबंध टाळायचा, नाहीतर तो परत तुमच्याकडे येतो. हा जंतू लक्षणांशिवाय महिनोन्महिने अंगात राहू शकतो, म्हणून कुणी कुणावर संशय घेऊन घर फोडू नये. मासळीच्या वासाच्या आजारात पूर्वी नवऱ्याला औषध देत नसत. मेलबर्नच्या संशोधकांनी मात्र २०२५ मध्ये दाखवलं की त्यालाही गोळ्या आणि मलम दिलं तर बाईला तो परत होण्याचं प्रमाण कमी होतं. डॉक्टरांना हे जरूर विचारा.

लाजेबद्दल एवढंच. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. इतक्या बायका गप्प राहून सोसत होत्या, याचा मला आजही राग येतो.

आणि कुणी "पिशवी काढून टाका, कटकट संपेल" म्हटलं तर ऐकू नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं, सरकारला समिती नेमावी लागली. नुसतं पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते.

घरी काय करायचं? आत काही घालून धुऊ नका. डेटॉल नको, तुरटीचं पाणी नको, सुगंधी वॉश नको. त्याने आतले चांगले जिवाणू मरतात. बाहेरून साधं पाणी पुरे. आतले कपडे सुती वापरा आणि साडीखाली लपवून न वाळवता उन्हात वाळवा. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडू नका.

संबंधानंतर रक्त दिसतं, पाळी गेल्यावर परत रक्त येतं, घाण वासाचं रक्तमिश्रित पाणी जातं, किंवा ओटीपोटात दुखून ताप येतो, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात जा. ताप आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी. तुमचं वय तीसच्या पुढे असेल तर त्याच टेबलावर पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणीही मागून घ्या. सौम्य अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभर थांबतात आणि कुठे पांढरा चट्टा उठतो का बघतात. जाताना आजवर खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, डॉक्टरांना त्यावरून खूप कळतं.