शनीला ‘लंबगोल’ म्हणावं का?

पुण्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी ‘शनी लंबगोल आहे’ असं लिहिलंय. ते तसंच ठेवावं, की नुसतं ‘गोल’ करावं?

बाई, मुलांचं निरीक्षण खोडू नका, शब्द तेवढा बदला. ‘शनी ध्रुवांकडे चपटा आहे’ असं लिहायला सांगा.

लंबगोल म्हटलं की अंड्यासारखी एका दिशेनं ताणलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. शनी ताणलेला नाही, दबलेला आहे. ग्रहाचं गुरुत्वाकर्षण सगळं द्रव्य चहूबाजूंनी केंद्राकडे ओढतं, म्हणून तो गोल होतो. पण शनी स्वतःभोवती साधारण साडेदहा तासांत गिरकी घेतो, त्यामुळे विषुववृत्तापाशी फुगतो. तिथला व्यास सुमारे १,२०,५०० किमी, ध्रुवांमधला १,०८,७००. तक्त्यावर शनी ३० सेंमी रुंद काढलात, तर उंची २७ सेंमीच धरायला हवी. कडी नसली तरी हा चपटेपणा नजरेत भरतो. त्याच मापाच्या पृथ्वीत जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडेल. तिला खुशाल ‘गोल’ म्हणा.

‘वर्तुळाकार’ मात्र कुठल्याच ग्रहाला लावू नका, तो सपाट आकृतीचा शब्द आहे. भूगोल, खगोल यांतला ‘गोल’ भरीव. आर्यभटीय या प्राचीन खगोलग्रंथाच्या चौथ्या भागाचं नावच गोलपाद आहे. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते, आणि मुलांच्या तक्त्यात ‘लंबगोल’ बहुधा तिथूनच शिरला असावा.

चंद्रांची गोष्ट निराळी. मंगळाचा फोबोस २७ × २२ × १८ किमीचा. त्याला ‘ओबडधोबड’ हा आपला रोजचा शब्द चपखल बसतो. एवढ्याशा खडकाला गोल करण्याइतकं गुरुत्व त्याच्यात नाही. पण नुसत्या आकारमानावर जाऊ नका: शनीचा मिमास सुमारे ४०० किमीचा असून गोल दिसतो, आणि नेपच्यूनचा प्रोटियस त्याहून किंचित मोठा असूनही बेढब आहे.

‘लंबगोल’ शब्द मुलांना फार आवडला असेल, तर नेपच्यूनपलीकडचा बटुग्रह हाऊमेआ तक्त्यावर घ्या. तो स्वतःभोवती सुमारे चार तासांत एक गिरकी पूर्ण करतो आणि खरोखरच एका दिशेनं ताणला गेलाय. तिथे हा शब्द बिनधास्त लिहा.